घर लिटरला अडीच देतं

हॅलो? … हॅलो? कोण, चिंगी का? … अगं मीच, ताई. जरा मोठ्यानं बोल. … थांब, थांब, खिडकीशी येते. इथं डोंगरावर रेंजची नुसती नाटकं आहेत. … हं, आता बोल.

नाही, निघालो नाही अजून. … घाटमाथ्यावरच आहोत. काल संध्याकाळी चढून आलो. … हो गं, गाडी धडधाकट आहे, हेही धडधाकट आहेत. … बाहेर आहेत. शिडीवर चढून पुढची काच पुसतायत. तुझ्या डॉक्टरांना दाखवायची ना आज गाडी, म्हणून सकाळपासून घासतायत.

… माहितेय गं. दुपारपर्यंत पोचतो म्हटलं होतं मीच. … हो, डॉक्टरांनी पेशंट पुढं ढकललेत, माहितेय. … हो, हो… अगं ऐक ना! आधी मला बोलू दे. मी आज काय पाहिलं ते ऐक, मग हवं तेवढं ओरड.

… अपघात? छे! काहीतरीच. … चिंगे, मी ढग पाहिले.

… हस. हस तू. तुझ्या दवाखान्याच्या खिडकीतनं रोज दिसतात, मान्य. पण ते वर! मी खाली पाहिले. पायाखाली! अगं, बघ, अंगावर काटा आलाय बोलता बोलता. … नाही, तू बघणार कशी, तेही खरंच.

बरं, पहिल्यापासून सांगते. … थोडक्यातच सांगतेय! तू मध्ये मध्ये बोलतेस म्हणून लांबतं.

तुला ठाऊक आहे ना, ही गाडी आल्यापासून मी हिला काय म्हणते ते? … राक्षस. हो. बसएवढा राक्षस. ह्यांचा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, नुसतं वर आणि खाली. निवृत्त झाले नि म्हणाले, आता जरा पुढं जाऊन बघू. आणि दारात हे धूड आणून उभं केलं. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर, माझ्या शिलाई मशीनला कोपरा. सगळं छान गं! पण लिटरला अडीच, चिंगे. अडीच! मी पडदे शिवणारी बाई. वीतभर चिंधी टाकताना माझा जीव खालीवर होतो. मला हे कसं पचायचं?

… हो, मीच म्हटलं तुला, बघ कुणी गिऱ्हाईक. मी नाकारतेय का? … ह्यांना मी बोलले तेव्हा हे काय म्हणाले, सांगितलं नाही मी तुला. म्हणाले, "तुला नको असेल तर नको." बस. एवढंच. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाला उत्तर तरी देता येतं.

… सांगतेय ना कालचं! पुढं काचेखाली आकडा असतो बघ, अॅव्हरेजचा. … तुमच्या छोट्या गाडीतही असतो तोच. मी शेजारी बसून तो आकडा वाचायचे. मोठ्यानं! "तीन. पावणेतीन. अहो, अडीचवर आलं, पाय काढा!" मग हे पाय काढायचे. कुणीतरी ह्यांना सांगितलेलं, पायाखाली अंडं आहे असं समजून चालवायचं. तर हे अंडं सांभाळत चाललेत, मागं गाड्यांची ही रांग, भोंगे, शिव्या… आणि मी त्या आकड्यावर डोळे लावून बसलेली. महिनाभर फिरलो आम्ही, चिंगे. नदी आली, रान आलं, समुद्र आला. मला विचारशील तर मी फक्त आकडा पाहिला.

… नाही, नाही, कालचा गोंधळ वेगळाच आहे. हसायचं नाही. आधी कबूल कर. … बरं. पाणी जड असतं, बरोबर? हिची टाकी भरली की पाच धट्टीकट्टी माणसं फुकट डोंगर चढवल्यासारखं होतं. तर काल घाटाच्या पायथ्याशी ह्यांना डुलकी लागली. मी हळूच खाली उतरले, टाकीची तोटी सोडली. … सगळं! गटारात! … आणि वर अशी ऐटीत येऊन बसले, जसं काही मोठी मोहीम फत्ते केली.

हसायचं नाही म्हटलं ना!

… फरक? काडीचा नाही. उलट तो चढ असा उभा की आकडा दोनच्याही खाली. मी वाचलाच नाही मोठ्यानं. लाज वाटली.

मग वर आलो. इथं गाड्या लावायला नुसतं मोकळं मैदान. नळ नाही, दिवा नाही, काही नाही. हे घामेघूम, तोंड धुवायला गेले तर नळ नुसता खोकला. झालं! ह्यांना वाटलं पंप गेला. लिफ्टवाला माणूस! सगळा पंप खोलला गं ह्यांनी. पोटावर झोपून, तोंडात बॅटरी धरून, एकेक स्क्रू काढून टॉवेलवर मांडला. आणि मी शेजारी उभी, पदराशी चाळा करत. शेवटी नाही राहवलं. सांगितलं.

… नाही, चिडले नाहीत. तेच तर! उठून बसले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "राहू दे. उद्या द्यायचीच आहे." आणि परत एकेक स्क्रू बसवायला लागले. चिंगे, खरंच सांगते. ते "उद्या द्यायचीच आहे" जे काही ऐकलं ना मी…

… नाही, रडत नाहीये. वारा आहे इथं.

मग बादली घेऊन शेजारच्या गाडीकडं गेले. अगं, आमची काय, तिच्यापुढं आमचा राक्षस बारसं न झालेलं पोर वाटावं! आणि ती चालवतं कोण? एक म्हातारी. एकटी. एवढीशी, तुझ्या खांद्याला लागेल. निवृत्त नर्स आहे. मी म्हटलं, पाणी हवंय थोडं. तिनं विचारलं, टाकी फुटली का? आता खोटं काय बोलायचं? सांगितलं सगळं. ती इतकी हसली, इतकी हसली की पायरीवर बसली. मग हाका मारल्या तिनं, "अरे या रे, आणखी एक आली आपल्यातली!"

… म्हणजे काय, सगळेच तसले! एकेक येऊन बसले खुर्च्या घेऊन. एक पोस्टमन होता निवृत्त. त्यानं वजन कमी करायचं म्हणून बायकोची बिडाची भांडी उतरवून ठेवली घरी. बायको म्हणाली, "स्वतःचं पोट मात्र बरोबर घेतलं!" आणि एक पाववाला आणि त्याची बायको. त्यांना कुणी सांगितलं, मोठ्या ट्रकच्या मागं राहायचं, वारा लागत नाही, डिझेल वाचतं. राहिले! तो ट्रक निघाला कोंबड्यांचा. संध्याकाळपर्यंत सगळी गाडी पिसांनी भरली… हो! पाववाला म्हणे, आता मला अंडंच घालायचं बाकी होतं.

आणि ऐक, मी आपली वेड्यासारखी त्याला विचारून बसले, तुमची किती देते? तर ती नर्सबाई म्हणाली, "बाई गं, हे विचारायचं नसतं इथं. बाईला वय विचारल्यासारखं आहे ते. विचारलंस तर खोटं ऐकशील." … हो ना! पोस्टमन म्हणे मी फक्त उताराचं सांगतो.

मग मी तिला म्हटलं, "पण तुमचा जीव नाही का हो जळत? लिटरला दोन-अडीच?" तर ती काय म्हणाली माहितेय? … अगं ऐक, हेच ऐकण्यासारखं आहे. डॉक्टर थांबतील दोन मिनिटं.

म्हणाली, "माझं विटांचं घर होतं. हिवाळाभर उबेसाठी इंधन प्यायचं, उन्हाळाभर गारव्यासाठी वीज प्यायचं. आणि किती द्यायचं? लिटरला शून्य. नवरा गेल्यानंतर त्या शून्यात मी सहा वर्षं बसले. तू ह्याला गाडी समजतेस म्हणून तुला अडीच कमी वाटतं. हे घर आहे. घर चालतंय, हेच नवल नाही का?"

… हो ना.

आणि मग, चिंगे, हे बोलले. तोवर एका बाजूला नुसते बसून होते. म्हणाले, "लिफ्ट वर जाते ना, तिला पलीकडून बरोबरीचं वजन बांधलेलं असतं. एक खाली येतं तेव्हा दुसरं वर जातं. मोटरला फार जोर लागत नाही. हिला पलीकडून कुणीही नाही. पलंग, कपाट, शेगडी, बायको, सगळं घेऊन ही एकटी वर आली. आणि एरवी एका लिटरमध्ये अडीच किलोमीटर जाते. दुधाच्या पिशवीएवढं ते तेल." असं म्हणून हात लावला गाडीला. नुसता हात लावला.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या अडीचकडं नीट बघितलं गं. इतके दिवस मी म्हणत होते, फक्त अडीच! आणि काल वाटलं, बाई गं, अडीच? अख्खं घर? तू एक कपाट या खोलीतनं त्या खोलीत नेऊन दाखव बरं.

… हो, आलंच ढगांचं. आज सकाळी. मी उठले, दार उघडलं पायरीवर पाय ठेवायला… आणि खाली जमीनच नाही. म्हणजे मैदान होतं, कठडा होता, आणि कठड्यापलीकडं जग संपलेलं. सगळं पांढरं. सपाट. पार टोकापर्यंत! दरी नाही, रस्ता नाही, तुमचं शहर नाही. नुसते दोन-तीन डोंगर डोकी वर काढून. आणि आवाज नाही, चिंगे. काहीसुद्धा आवाज नाही. ह्यांना हाक मारायचं सुचलंच नाही. नुसतं दार वाजवत राहिले.

हे आले. कठड्याशी गेलो दोघं. सूर्य मागून वर आला. आणि समोर ढगावर आमच्या सावल्या पडल्या. लांबच लांब. आणि माझ्या सावलीच्या डोक्याभोवती… तू हसशील. … नाही, शपथ घेऊन सांगते. रंगांचं कडं! गोल, लाल, पिवळं, हिरवं. देवाच्या तसबिरीत असतं ना मागं, तसं.

मी म्हटलं, "अहो, बघा, माझ्या डोक्याभोवती!" तर हे म्हणाले, "तुझ्या कुठं? माझ्या डोक्याभोवती आहे!" … अगं भांडलो आम्ही! खरंच! मी म्हणते माझ्या, हे म्हणतात माझ्या. तेवढ्यात नर्सबाई आली शाल गुंडाळून. म्हणाली, "भांडू नका. ज्याचं त्याला दिसतं. दुसऱ्याचं दिसत नाही." … हो, असंच असतं म्हणे ते! प्रत्येकाला फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती. ह्यांना ह्यांचं, मला माझं.

आणि मी उभी होते, साठी उलटलेली, झोपेच्या गाऊनवर, केस पिंजारलेले, आणि माझ्या डोक्याभोवती इंद्रधनुष्य. मला एवढं… काय सांगू, मला माझ्याबद्दलच आदर वाटला गं.

… हो. ऐकतेस ना?

… मग काय. कडं विरलं, ढग फाटले, आणि ह्यांनी शिडी काढली. काच पुसायला. तुझ्या डॉक्टरांसाठी.

चिंगे. … चिंगे, मला वाटतं नको विकायला.

… आता ओरड.

… हो, मान्य. … मान्य गं, तुझे साहेब आहेत. … समोरच बसलेत? अगंबाई! हळू बोल ना मग. … मी कुठं म्हणते तू तोंडघशी पड म्हणून. … अगं मी काय करू, काल संध्याकाळपर्यंत मलाच ठाऊक नव्हतं!

थांब. रडू नको. असं कर, त्यांना खरं अॅव्हरेज सांग. एका मिनिटात पळतील. तुलाही बोल लागणार नाही, मलाही. … का? तू किती सांगितलंस? … आठ? चिंगे! आठ तर घाटातनं ढकलून दिली तरी देणार नाही! … बरं, दे. दे त्यांना फोन. मीच सांगते.

… हॅलो? हो, नमस्कार डॉक्टर. … नाही, नाही, माफी मीच मागायला हवी, तुम्हाला ताटकळत ठेवलं. … हो, चिंगीनं सांगितलं. मनापासून हवीय तुम्हाला, कळलं. पण एक सांगते डॉक्टर, फसवणूक नको. ती आठ म्हणाली ना? ती भाबडी आहे. खरं म्हणजे अडीच. … लिटरला. … हो, किलोमीटर.

… तेही सपाटीवर. चढाला दोनच्याही खाली. … समोरून वारा आला तर विचारूच नका. पंपावर उभी केली की पंपवाला स्टूल घेऊन बसतो. … नाही हो, चेष्टा नाही! आणि वळवायची म्हटलं तर तिला अख्खा चौक लागतो. आत भांडी वाजतात. पावसात छतावर असा ताशा वाजतो की बोललेलं ऐकू येत नाही. पण काय हो, पलंगावर पडल्या पडल्या तेच पाणी काचेवरून ओघळताना दिसतं, आणि आपण कोरडे, आणि सकाळी पडदा सरकवला की कालचं गावच नाही बाहेर, नवीनच काहीतरी… म्हणजे, अडीचच देते हं! विसरू नका.

… काय म्हणालात?

… तरी घेणार?

… नाही, मी… तुम्ही ऐकलंत का मघाचं? ढगांचं? … स्पीकरवर होतं? सगळं? … चिंगे गं…

… आता येताय? इथं, वर? … नाही नाही, थांबा डॉक्टर. बसा. कोट चढवलात? काढा आधी.

डॉक्टर, मला तुम्हाला घाबरवून पळवायचं होतं. नाही पळालात. आता सरळच सांगते. गाडी विकायची नाही आम्हाला. … नाही. अॅव्हरेज कितीही देवो, नाही. … हो, शब्द दिला होता. मीच दिला, मीच मोडतेय. चिंगीचा ह्यात काडीइतकाही दोष नाही, तिला एक अक्षर बोलू नका. मला बोला हवं ते. …

… हं. … हं. … बरोबर आहे तुमचं. … रागावणारच माणूस.

… कुठं? इथंच, तुमच्या गावावरनंच रस्ता येतो वर. … छोट्या मोटारीनंही येता येतं की! फक्त पहाटेच्या आधी इथं असायला हवं. … या ना. खुशाल या. नर्सबाईंची ओळख करून देते. … हो. … मोठ्या मनाचे आहात. द्या तिला.

… चिंगे? काय म्हणाले? … हसतायत? खरंच? … देवा! वाचले. … नाही, आता तू मला वर्षभर टोमणे मार, माझी तयारी आहे. हक्कच आहे तुझा.

… ह्यांना? नाही, अजून नाही सांगितलं. ते बाहेरच… थांब, उतरले वाटतं शिडीवरनं. आत येतायत. … नाही, ठेवू नकोस. थांब तशीच.

… अहो. … नाही, चिंगीच आहे. … किती वाजता पोचायचं? पोचायचं नाहीये.

… पोचायचं नाहीये म्हटलं. विकत नाही आपण. सांगितलं मी डॉक्टरांना.

… हो, आत्ता. … नाही, तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी. मला हवीय ही.

… अहो?

चिंगे, ह्यांना काय झालं गं? … नाही, समोरच उभे आहेत. ओलं फडकं हातात तसंच. … पाणी गळतंय सगळं चटईवर, आणि मीही काही म्हणत नाहीये. … बसले. चालवायच्या खुर्चीत बसले. तोंड तिकडं केलंय. खांदे… अगं, खांदे हलतायत गं ह्यांचे. … मी कधी पाहिलं नाही असं. सासूबाई गेल्या तेव्हाही नाही.

… हो, जाते. जाते ना. … अहो. अहो, इकडं बघा. … काय? … काय म्हणालात?

… थांब, चिंगे.

… विचारतायत मला… "मग कुठं जायचं?" म्हणून.

… नाही, वळणावर विचारतात ना, डावीकडं की उजवीकडं, तसं नाही. नुसतं, कुठं जायचं. तुला कुठं जायचंय, म्हणतायत.

चिंगे… मला कुणी विचारलंच नव्हतं गं हे कधी. लग्न होऊन इकडं आले, ह्यांची बदली झाली तिकडं गेले, पोरांच्या शाळा होत्या तिथं राहिले. आणि मला… मला सुचतच नाहीये काही. तोंडात एक नाव येईना. … नको, तू नको सुचवूस! तू अजिबात नको सुचवूस. माझं मला शोधू दे.

… हो. हो, कळवते. … अगं, ठेव ना आता फोन. हे वाट बघतायत.